बबलगममधल्या धावा आणि माझे दोन डबे

रद्दीवाल्याकडे पुस्तकांच्या आधी जुनी क्रिकेटची कार्डं शोधणारी एक जमात आहे. मी त्यातलाच. पण ही जमात हल्ली थोडी बिघडत चालली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऐंशीच्या दशकात बिग फन बबलगममध्ये क्रिकेटरचं चित्र यायचं, मागे धावा किंवा विकेट छापलेल्या. ठरावीक धावा जमवून दिल्या की बक्षीस! म्हणजे आवडता बॅट्समन जपून ठेवायचा की त्याच्या पाठीवरच्या धावा वटवायच्या, हा प्रश्न चौथीतल्या पोरांना अंधेरी-बोरिवलीच्या जिन्यांवर तेव्हाच पडत होता. डबल आलेलं चित्र बिनदिक्कत बदलायचं. त्यात कुणाला पाप वाटत नसे, आणि मलाही आज विकण्यात पाप वाटत नाही. डबल विकूनच छंदाचा खर्च निघतो.

मग ऑगस्ट २०२२ मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं आणि आपल्याकडेही लोकांनी माळे उपसले. अहो, ती किंमत यायला बाकीच्या पोरांच्या आयांनी कार्डं कचऱ्यात टाकावी लागतात. पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत गुंतवणूक म्हणून सगळ्यांनीच खोकी भरून ठेवली, कंपन्यांनीही बेसुमार छापली. त्यातली बहुतेक आज कवडीमोल आहेत. आपली तर रबरबँड लावून दप्तरात फिरलेली... त्यांना दहापैकी किती मार्क मिळणार, देव जाणे :)

असो. माझा आक्षेप एकाच चलाखीवर आहे. घ्यायला जाताना संग्राहक व्हायचं आणि विकताना व्यापारी. "काका, लहानपणची आठवण आहे हो, स्वतःसाठीच हवीत." काका विरघळतात, दोनशे रुपयांत पुडकं देतात. रात्री तेच पुडकं नेटवर तीन हजारांना! मित्र म्हणतात, माहितीची किंमत असतेच, शोधायचे कष्ट असतात. अगदी मान्य. पण मग काकांना तसं सांगा ना. त्यांनी स्वस्तात दिलं ते तुमच्या आठवणीला, धंद्याला नव्हे.

म्हणून माझ्याकडे दोन डबे आहेत. कुठलं कार्ड कुठल्या डब्यात, हे पैसे देण्याआधी ठरतं आणि देणाऱ्याला सांगितलं जातं. 'ठेवायच्या' डब्यातलं कार्ड बाहेर गेलंच तर अदलाबदलीत किंवा घेतल्या भावात. आमच्या भाषेत, दोन वेगळ्या ब्रँच, मर्ज करायच्या नाहीत. उद्या घरात खरीच अडचण आली तर? तर विकेन, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याला आधी विचारेन, की तुम्हाला परत हवंय का.

हे महागात पडतं, हे कबूल. गेल्या महिन्यात घाटकोपरला एका निवृत्त गृहस्थांनी बुटांचा खोका पुढे केला. मी म्हटलं, यातली चाळीसेक ठेवीन, उरलेली विकेन. त्यांनी विचारलं, विकून किती येतील? मी अंदाज सांगितला. क्षणभर विचार करून त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाले, "मग नातवालाच देतो." चहा मात्र छान होता.