बसण्याची जागा

मराठीत ‘पिणे’ हे क्रियापद बहुधा दुसऱ्यासाठी वापरले जाते. स्वतःसाठी आपण ‘बसणे’ वापरतो. ‘तो पितो’ ही तक्रार असते, ‘आम्ही बसलो होतो’ ही आठवण. मध्यंतरी एका शुक्रवारी रात्री जुन्या वर्गमित्राचा फोन आला आणि त्याने नेहमीप्रमाणे एका शब्दाचा प्रश्न केला, ‘बसायचं?’

२००३ साली एकत्र एम.ए. झालेले आम्ही चौघे, दोन पुरुष आणि दोन स्त्रिया, आता चार निरनिराळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून सुटलेला शनिवार-रविवार चौघांनाही एकाच वेळी मिळाला, असे फार वर्षांनी घडले. ठरले ते असे की, या खेपेस कोणाच्या घरी बसायचे नाही आणि गिरण्यांच्या आवारात उभ्या राहिलेल्या महागड्या पबांतही जायचे नाही. मुंबईच्या वस्त्या-वस्त्यांत जे साधे परमिट रूम आहेत, तेथे बसायचे. शनिवारी लालबाग, रविवारी गिरगाव.

या दोन दिवसांनी माझी एक जुनी वाङ्मयीन तक्रार पक्की केली. मराठी साहित्यात दारू मुबलक आहे, परंतु दारू पिण्याची जागा फारशी नाही. अपवाद दाखवता येतील, तरीही एकूण चित्र असेच आहे आणि त्याचे परिणाम आपल्या समीक्षेवरही झाले आहेत, असे मला वाटते.

आधी शनिवारची हकीकत सांगते. लालबागच्या उड्डाणपुलाच्या सावलीतला तो बार. काळ्या काचेचा दरवाजा, आत पिवळट उजेड, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही आणि त्यावर क्रिकेट. आम्ही तळमजल्यावरच्या रिकाम्या टेबलाकडे वळलो, तोच वेटर लगबगीने पुढे आला. ‘मॅडम, वरती बसा. वरती एसी आहे, फॅमिली आहे.’ त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, उलट काळजी होती. आम्ही चौघे काही कुटुंब नव्हतो. पण मुंबईच्या बारच्या बोलीत ‘फॅमिली’ या शब्दाचा अर्थ स्त्रीची उपस्थिती एवढाच आहे. एकटी बाई आली तरी तिला फॅमिली सेक्शनमध्येच जावे लागते. वरच्या मजल्यावर दर जास्त, थंडावा जास्त आणि माणसे कमी. मैत्रीण म्हणाली, ‘खाली बसलो तर काय होईल?’ वेटर हसला आणि म्हणाला, ‘काही नाही होणार. पण सगळे गप्प बसतील.’

ते वाक्य मला लागले. आम्ही खालीच बसलो आणि खरोखरच आजूबाजूच्या टेबलांवरचा आवाज उतरला. कोणी टक लावून पाहिले नाही, कोणी शेरा मारला नाही. केवळ आपण कोणाच्या तरी जागेत शिरलो आहोत, असे वाटत राहिले.

त्याच गल्लीशी माझा जुना संबंध आहे. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी अडीच वर्षांची होते. वडील गिरणीत होते, ते पुन्हा कामावर घेतले गेले नाहीत. पुढे त्यांनी एका गोदामावर रखवालदारी केली. १९८९-९०च्या सुमारास आई मला संध्याकाळी गुत्त्यावर पाठवायची. ते देशी दारूचे दुकान होते. परमिट रूमच्या तुलनेत खालच्या पायरीवरचे, सरकारी परवान्याचा वर्गही वेगळा. मी आत जात नसे. दारातून हाक मारायची असा नियम होता. आतून संत्र्याच्या अर्काचा आणि विडीच्या धुराचा वास यायचा. वडील बाहेर येऊन ‘चल बाय’ म्हणायचे आणि माझा हात धरायचे. घरी पोचेपर्यंत कोणी कोणाशी बोलत नसे. आत काय चालते, ते तिथे कोणाशी काय बोलतात, हे मला कधीच कळले नाही. घरी तर ते जवळजवळ मुकेच असत.

लालबागच्या त्या टेबलाशी बसून मी प्रथमच दाराच्या आतल्या बाजूने दाराकडे पाहत होते.

आता साहित्याकडे येऊ. दारूविषयी मराठीत बोलायचे तर ‘एकच प्याला’ टाळता येत नाही. राम गणेश गडकरी १९१९च्या जानेवारीत वारले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यात रंगमंचावर आणले. आपण ते वर्गात व्यसनाची शोकांतिका म्हणून शिकवतो आणि ते चूक नाही. परंतु त्या नाटकात एक ‘आर्य मदिरा मंडळ’ही आहे. तळीरामाच्या पुढाकाराने चालणाऱ्या त्या मंडळात शास्त्रीही आहे आणि खुदाबक्षही. एरवी एका पंक्तीला न बसणारी माणसे तेथे एकत्र बसतात, वाद घालतात, आपल्या पिण्याचे शास्त्रोक्त समर्थन करतात. गडकऱ्यांनी ती उपहासासाठी योजली, तरी माझ्या मते मराठी रंगभूमीवरील ती सर्वांत जिवंत ‘बैठक’ आहे. आपली समीक्षा या प्रवेशांना विनोदी उपकथानक म्हणून बाजूला ठेवते आणि सुधाकराच्या अधःपाताकडे वळते. म्हणजे जागा सोडून निकालाकडे जाते.

या नाटकाचा भाषेवर झालेला परिणाम तर अधिक बोलका आहे. तळीराम हे विशेषनाम सामान्यनाम झाले. दरवर्षी ३१ डिसेंबरनंतर वृत्तपत्रांत ‘तळीरामांवर कारवाई’ असे मथळे येतात आणि ते वाचणाऱ्याला नाटक ठाऊक असण्याची गरजही उरलेली नाही. परंतु सिंधू सामान्यनाम झाली नाही. दळण दळून घर चालवणारी, नवऱ्याची वाट पाहणारी बाई या महाराष्ट्रात तळीरामांहून कमी नव्हती. तरीही तिला भाषेने शब्द दिला नाही. पिणाऱ्याला नाव मिळाले, दारात उभे राहणाऱ्यांना मिळाले नाही.

पुढच्या काळात चित्र बदलले, पण जागेचा प्रश्न तसाच राहिला. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मधली (१९७२) चंपा पिते. मराठी रंगभूमीवरील पिणाऱ्या स्त्रियांत ती सर्वांत ठसठशीत आहे. परंतु ती पिते ते सखारामच्या घरात, त्याचा देह सोसता यावा म्हणून. एलकुंचवारांच्या ‘पार्टी’त (१९७६) साहित्यिक हातात ग्लास घेऊन बोलतात, पण ते श्रीमंत घराच्या दिवाणखान्यात. भाऊ पाध्यांनी ‘वासूनाका’त (१९६५) मुंबईच्या पोरांचा नाका अजरामर केला. नाका, कट्टा, चाळीची गॅलरी ही आपल्या वाङ्मयाने आपलीशी केलेली स्थळे आहेत. बार मात्र बहुतेक वेळा एका वाक्यात येतो आणि जातो. पात्र बारमध्ये शिरते, पुढच्या परिच्छेदात ते झिंगलेले असते. मधले दोन तास कोणी लिहीत नाही.

असे का व्हावे? एक कारण कायद्यात आहे. ‘परमिट रूम’ हा शब्दच मुंबई प्रांताच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याने आपल्याला दिला. पुढे साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण कायदा राहिला. आजही त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असेच आहे आणि पिणाऱ्याजवळ परवाना असावा, ही त्यातली अपेक्षा कागदोपत्री कायम आहे. म्हणजे या खोलीत बसणारा प्रत्येक माणूस तत्त्वतः एका बंदीला मिळालेल्या सवलतीत बसलेला असतो. काळ्या काचा, जाड पडदे, मंद उजेड हे त्या लाजेचेच वास्तुशास्त्र आहे. जी जागा समाजाने स्वतःपासून लपवली, ती साहित्यिकालाही सहज दिसली नाही.

दुसरे कारण स्त्रियांशी संबंधित आहे. बारमधली स्त्री मराठी वाचकाला माहीत झाली ती ‘बारबाला’ म्हणून. २००५ साली राज्याने डान्सबारवर बंदी आणली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही. या आठ वर्षांत वृत्तपत्रांनी त्या स्त्रियांविषयी रकानेच्या रकाने लिहिले. पण ग्राहक म्हणून, मैत्रीण म्हणून, थकून आलेली नोकरदार बाई म्हणून स्त्री तेथे कल्पिलेलीच नव्हती. पबमध्ये ती मोकळेपणाने बसू शकते हे खरे. पण तो मोकळेपणा बिलात धरलेला असतो. ज्या जमिनीवर माझे वडील कामाला जात, तशाच एका जमिनीवर आज एका ग्लासाला जी किंमत पडते, तेवढ्यात आम्हा चौघांचे लालबागचे बिल बरेचसे भागले असते.

रविवारी दुपारी आम्ही गिरगावात बसलो. तेथे वरचा मजलाच नव्हता, त्यामुळे प्रश्न आपोआप मिटला. मुंबईतील अशा कित्येक बारप्रमाणे हाही उडुपीकडच्या शेट्टींचा. वेटर गल्ल्यावरच्या माणसाशी तुळूत, शेजारच्या टेबलाशी हिंदीत आणि आमच्याशी मराठीत बोलत होता. बोलीविज्ञान शिकवणाऱ्या आमच्या मित्राला एवढ्यानेच आनंद झाला. समोर उकडलेले चणे, काकडी, भाजलेला पापड असा चकणा. कोपऱ्यात एक वृद्ध गृहस्थ एकटेच बसले होते. त्यांनी काही मागवले नाही, तरी त्यांच्यापुढे क्वार्टर, सोडा आणि शेंगदाणे आले. दोन तासांत ते फक्त वेटरशी बोलले, तेही जावयाच्या बदलीविषयी. वेटरला जावयाचे नाव, बदलीचे गाव, सगळे ठाऊक होते. उठताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गेले.

मला वाटले, माझे वडीलही कोणाशी तरी असे बोलत असतील. घरात न सापडलेले त्यांचे शब्द त्या गुत्त्यात कोणीतरी ऐकले असतील. ते शब्द आम्हाला मिळायला हवे होते, हा माझा राग कायम आहे. पण ते शब्द होते, हे मला पंचेचाळिशी ओलांडल्यावर एका परक्या म्हाताऱ्याकडे पाहून कळले. व्यसनाची कथा सांगणाऱ्या कोणत्याही पुस्तकाने मला हे सांगितले नव्हते, कारण त्या पुस्तकांत बारमधला माणूस बोलत नाही. तो फक्त घरी येऊन बडबडतो.

या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. प्राध्यापकांनी दोन दिवस मजेत घालवले आणि आता दारूच्या दुकानाला सांस्कृतिक स्थळ ठरवायला निघाले, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रात दारूदुकान बंद करण्यासाठी स्त्रियांचे मतदान घेण्याची तरतूद आहे. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले, की दुकान बंद. गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. २०१५ सालीच मालाड-मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. हे विसरून बारविषयी लिहिणे मला शक्य नाही. १९९० साली आमच्या चाळीत अशी मतपत्रिका आली असती, तर माझ्या आईने कोणते चिन्ह निवडले असते, याविषयी मला शंका नाही. मत द्यायचे वय असते तर मीही तेच निवडले असते.

परंतु मतपत्रिकेला दोन चिन्हे पुरतात, साहित्याला पुरत नाहीत. आपली समीक्षा मात्र अजून याच दोन चिन्हांत वाचते. दारू आली की ती अधःपाताची खूण, नाहीतर कवीच्या बंडखोरीची. एक आडवी, एक उभी. बंडखोर कवीच्या बैठकांच्या आठवणी आपण कौतुकाने छापतो. त्या रात्री त्याच्या घरी कोण जागे होते, हे विचारणे मात्र आपल्याला असभ्य वाटते. मला हवे असलेले लेखन या दोन्हींच्या पलीकडचे आहे. त्यात दाराच्या आतले टेबल असेल, दाराबाहेर उभी असलेली मुलगी असेल आणि दोघांपैकी कोणालाही प्रतीक केले जाणार नाही. वेटर किती तास उभा असतो, उधारीच्या वहीत कोणाची नावे असतात, स्त्री आत आल्यावर कोणती वाक्ये अर्धवट राहतात, हे त्यात असेल. विद्यार्थ्यांना मी एवढेच सुचवीन की, ‘एकच प्याला’ पुन्हा वाचताना आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश वगळू नका आणि ते वाचताना, ही मंडळी घरी केव्हा जातात, हेही विचारा.

रविवारी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आई जागीच होती. तिचे वय आता अठ्ठ्याहत्तर. तिने विचारले, ‘कुठे होतीस?’ मी म्हणाले, ‘गिरगावात. मैत्रिणीबरोबर जेवायला.’ तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि ताट वाढायला उठली. जेवून आलेल्या मुलीला कोणी ताट वाढत नाही. मी काही बोलले नाही. वास तिला माझ्यापेक्षा चांगला ओळखता येतो.