सेमाडोहला या, पण आवाज परतवाड्यात ठेवून या

पहिला पाऊस पडला की अमरावती, अकोला, नागपूरच्या गाड्या मेळघाटाच्या वाटेला लागतात. परतवाडा सुटतं, बिहाली मागे पडतं, घटांगच्या आसपास ढग रस्त्यावर उतरलेले दिसतात. आणि नेमकं तिथंच कोणाला तरी वाटतं की आता गाणं झालंच पाहिजे. काचा खाली, डिकी उघडी, वूफर सुरू. मागून सायलेन्सर बदललेल्या बुलेटांची रांग. पुढे सिपना नदीकाठी सेमाडोह लागतं आणि ही सगळी वरात गावाच्या मधून जाते. शनिवारी जाते, रविवारी परत येते. पुढच्या शनिवारी नवी वरात.

हे आवाहन त्या गाड्यांत बसणाऱ्यांना आहे. म्हणजे आपल्यालाच, घाटाखालच्यांना. ‘जंगलात शांतता राखा’ हे सेमाडोहच्या कोरकू माणसाला शिकवण्याची टूम फार जुनी आहे, आणि ती उलटी आहे. मेळघाटातला त्रासदायक आवाज बहुतेक खालून वर चढतो.

तिथल्या माणसाचा कान काय काम करतो ते आधी ऐका. सफारीच्या जिप्सीत पुढे बसलेला गाइड वाघ डोळ्यांनी शोधत नाही, निदान आधी तरी नाही. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरतं, लांब नाल्यात चितळ कॉल देतं, मग सांबर. सांबराने आवाज दिला की गाइड सरळ होऊन बसतो, कारण सांबर सहसा उगीच बोंबलत नाही. या तीन आवाजांच्या जागा मनात जुळवून तो ड्रायव्हरला गाडी कुठे लावायची ते सांगतो. आणि मागच्या बाकावर कोणाच्या तरी मोबाइलवर रील वाजत असतं. “साहेब, बंद करा ना ते जरा, मले काहीच आयकू येऊन नाही राह्यलं,” असं तो एकदा म्हणतो, दुसऱ्यांदा म्हणत नाही. पाहुण्याला दुखवून चालत नाही. वाघ दिसला नाही म्हणून कुरकुर मात्र त्याच्याच नावाने होते.

पर्यटकाचा वाघ हुकला तर हुकला. पण मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाईचं काय? मोह पहाटे गळतो आणि तो अस्वलालाही तितकाच आवडतो. अर्धवट उजेडात, खाली वाकून, टोपली भरताना तिचं राखण तिचे कानच करतात. पाचोळ्याची सळसळ, वानराचा इशारा, पाखरांचं एकदम गप्प होणं यावर ती मागे सरायचं की नाही ते ठरवते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्यांचंही तसंच. रस्त्यावरच्या प्रेशर हॉर्नने आणि रिसॉर्टच्या स्पीकरने हा पहारा बुजून जातो. आवाजाचं प्रदूषण म्हटलं की आपल्याला डोकेदुखी आठवते. इथं तो जिवाचा प्रश्न आहे.

जनावरांची गोष्ट वेगळी नाही. मेळघाटात रानपिंगळा आहे. १८८४ नंतर हे घुबड संपलं असं जगाने धरलं होतं, ते १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि आज मेळघाट त्याच्या मोजक्या मोठ्या आसऱ्यांपैकी एक आहे. बहुतेक घुबडं रात्री फिरतात, हा पठ्ठ्या दिवसाढवळ्या शिकार करतो, सादेला साद देऊन आपली हद्द राखतो. त्यामुळे ‘दिवसाच तर वाजवतो, रात्री नाही’ ही सबब त्याच्यापुढे चालत नाही.

अमेरिकेत आयडाहो राज्यात शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. जिथे रस्ताच नाही अशा डोंगरधारेवर झाडांना स्पीकर बांधले आणि वाहतुकीचा नुसता आवाज लावला. गाडी नाही, धूर नाही, माणूस नाही. तरी आवाज सुरू असताना तिथे उतरणारे पक्षी पाव हिश्श्याहून जास्त घटले. ‘आम्ही कचरा केला नाही, कोणाला हात लावला नाही, नुसतं गाणं लावलं’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा.

डेसिबलचं गणितही फसवं आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहा पट होते. शांतता क्षेत्रातली रात्रीची मर्यादा ४० डेसिबल. डीजेच्या भिंतीसमोर १०० सहज ओलांडले जातात. हा फरक अडीच पटींचा वाटतो, प्रत्यक्षात तो दहा लाख पटींचा आहे.

आता कायद्याचं. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत. ते मुंबई-पुण्याला लागू आणि मेळघाटाला नाहीत असं कुठेही लिहिलेलं नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि दिवसाही लेखी परवानगीशिवाय नाही. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. सेमाडोहला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, शाळा आहे. कुपोषणाच्या बातम्यांसाठी ज्या मेळघाटात आपण दर पावसाळ्यात कॅमेरे पाठवतो, तिथल्या दवाखान्यात बाळंतीण निजलेली असते आणि बाहेरून आपलीच गाडी म्युझिकल हॉर्न वाजवत जाते. विनाकारण हॉर्न वाजवला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ खाली पहिल्या वेळी हजार, दुसऱ्या वेळी दोन हजार रुपये दंड आहे. अभयारण्यात वन्यप्राण्याला त्रास देणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. (घाटातल्या आंधळ्या वळणावर एक छोटा हॉर्न द्यावाच लागतो, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे सरळ रस्त्यावर वानरांची टोळी दिसली म्हणून वाजवलेल्या पोंगाड्याची.)

याच्याही पुढे गोष्ट गेली आहे. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे. रात्रीचं पर्यटन बंद, गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल बंद, गाभ्यातून जाणाऱ्या रस्त्यांवर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तातडीची वाहनं सोडून वाहतुकीवर कडक नियंत्रण, आणि व्याघ्र प्रकल्प ध्वनिनियमांखाली शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचा आदेश. हा निकाल कॉर्बेटपुरता नाही, देशातल्या सगळ्या व्याघ्र प्रकल्पांना तो लागू आहे. मेळघाट तर १९७४ सालचा, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी.

इथे सरकारला एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, कारण फाइलवर ती सहज निसटेल. शांतता क्षेत्राच्या नियमांत प्रेशर हॉर्न, फटाके आणि ध्वनिक्षेपक यांच्या रांगेतच ढोल वाजवणंही बसतं. म्हणजे नियम जसाच्या तसा उचलून संपूर्ण मेळघाटावर चिकटवला, तर उद्या पहिला गुन्हा कोणावर दाखल होईल? स्पीकरवाला पर्यटक तोवर परतवाड्याला पोचलेला असेल. पकडला जाईल होळीला ढोल-बासरीवर नाचणारा कोरकू. होळी हा त्यांचा वर्षाचा सण. त्यांचा ढोल आणि आपला वूफर एका मापाने मोजणं हा अन्याय होईल. ढोल वाजवणारा थकतो आणि थांबतो, जनरेटर थकत नाही. म्हणून अधिसूचना काढताना गावांना विचारा. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथल्या ग्रामसभेला पेसा कायद्याने आपल्या परंपरा सांभाळण्याचा अधिकार दिला आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव व जंगल राखण्याचाही. सणाचा ढोल कधी, किती वाजेपर्यंत, हे ग्रामसभा ठरवू शकते. आणि लग्नात डीजे आणायचा की नाही, हेही. अलीकडे खालून भाड्याने येणाऱ्या डीजेने पोरांना वेड लावलं आहे, त्यात ढोलवाल्याची बिदागीही गेली. हे बोलायचा अधिकार गावातल्या म्हाताऱ्यांचा आहे. आपण फक्त तो डीजेचा टेम्पो घाटावर पाठवणं थांबवू शकतो.

रात्रीच्या वाहतुकीबद्दलही तोच सावधपणा हवा. कर्नाटकाने २००९ पासून बंदीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गांवर रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद ठेवली आहे, म्हणजे हे जमतं. पण परतवाडा-सेमाडोह-हरिसाल-धारणी हा रस्ता मेळघाटाची जीवनवाहिनीसुद्धा आहे. रात्री दोन वाजता पोटात दुखणाऱ्या माणसाला नाक्यावर कागद मागत बसलं तर त्या बंदीची कोणालाच चाड राहणार नाही. रुग्णाची गाडी, मग ती रुग्णवाहिका असो की शेजाऱ्याची जीप, बिनबोभाट सोडा. जंगल हा जवळचा रस्ता म्हणून वापरणारा ट्रक अडवा.

आणि मेळघाटात आवाज कमी करता येत नाही, असं कोणी म्हणू नये. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी वान अभयारण्यातून जात असे, धूळघाटाला वळसे घेत. तिच्यावर वऱ्हाडाचं प्रेम होतं. २०१७ पासून जंगलातल्या टप्प्यावर ती बंद आहे. तिची ब्रॉडगेज त्याच वाटेने न्यायची की बाहेरून, यावर मोठा वाद झाला. २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेला पत्र लिहून मार्ग जंगलाबाहेरून नेण्याची मागणी केली. रेल्वेचा मार्ग वळवण्याची भाषा करणाऱ्या राज्याला प्रेशर हॉर्न उतरवणं जड जाऊ नये.

तर आता करायचं काय? परतवाड्यातच, चहाला थांबता तिथं, ब्लूटूथ स्पीकर पिशवीत घाला आणि पिशवी डिकीत. सायलेन्सर बदललेला असेल तर त्या गाडीने येऊ नका. एवढं साधं. रिसॉर्ट आणि होमस्टेवाल्यांनो, ‘डीजे नाईट’ची पाटी उतरवा. आणि बुकिंग घेतानाच सांगा की इथे रात्री स्पीकर लागत नाही. एक गिऱ्हाईक जाईल, झोपायला आलेली दोन येतील. थर्टी फर्स्ट करायचा तर अमरावतीत करा. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायला दरवर्षी इतकी माणसं अर्ज करत आली आहेत, तेव्हा शांततेचे पैसे मोजणारे लोक आहेत हे विसरू नका.

आरटीओ, पोलीस आणि वनविभागाने मिळून शनिवार-रविवारी घाटाच्या पायथ्याला एकच नाका लावावा. तिथे प्रेशर हॉर्न काढून घ्यावेत, फाटके सायलेन्सर परत पाठवावेत, आणि डेसिबलमीटर कपाटात न ठेवता हातात ठेवावा. जिल्हाधिकाऱ्यांनी आरोग्य केंद्र आणि शाळेच्या १०० मीटर हद्दीच्या पाट्या मराठी, हिंदी आणि कोरकूत या पावसाळ्याआधी लावाव्यात. 

आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. रात्री दहानंतर मेळघाटात स्पीकर ऐकू आला, जंगलात फटाके फुटले, तर वाद घालत बसू नका. जागा, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून घ्या. पोलिसांसाठी ११२, वनविभागासाठी १९२६. दोन्ही नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. घाटात रेंज असेलच असं नाही, तेव्हा सेमाडोहला किंवा हरिसालला पोचताच फोन लावा, आणि तक्रारीची नोंद झाल्याशिवाय ठेवू नका.