नाडी कुणाची पाहावी?

ऑपरेशन यशस्वी झाले, असे डॉक्टर बाहेर येऊन सांगतात तेव्हा आपण रोग्याची विचारपूस करतो. डॉक्टरांच्या छातीचे ठोके किती पडत होते, हे कोण विचारतो? आता तेही मोजू लागले आहेत, आणि मला तरी ते शहाणपणाचे वाटते.

माझा भाचा दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकतो आहे. (भारतात दुर्बिणीने पित्ताशय प्रथम काढले ते १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी.) गेल्या दिवाळीला तो नृसिंहवाडीस आमच्याकडे आला तो सरावाची पेटी घेऊनच. पेटीच्या भोकांतून लांब चिमटे घालायचे, नजर पडद्यावर ठेवायची आणि आतली हरभऱ्याची डाळ एका वाटीतून दुसऱ्या वाटीत न्यायची. मीही हात घालून पाहिला. मूठ डावीकडे नेली की टोक उजवीकडे पळते! कृष्णेवरच्या नावाड्याच्या वल्ह्याचेही तसेच. पण तो सोयरिकीच्या गप्पा मारीत पैलतीर गाठतो. नवशिका कदाचित तेवढ्याच वेळात पोहोचेल, पण दात आवळून. मध्येच भोवरा लागला तर? नावाड्याजवळ मन शिल्लक असते. नवशिक्याचे सगळे वल्ह्यातच खर्च झालेले. आणि इथे नावेत रोगी निजलेला!

ही शिल्लक मोजायची कशी? अमेरिकेच्या 'नासा'तील सँड्रा हार्ट यांनी लॉवेल स्टेव्हलँड यांच्यासह १९८८ साली सहा प्रश्नांची एक पट्टी प्रसिद्ध केली : डोक्याला ताण किती, अंगाला श्रम किती, घाई किती, धडपड किती, वैताग किती आणि काम कितपत जमले. २०११ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तिची निराळी आवृत्ती निघाली. हृदयाच्या ठोक्यांतील अंतरावरून, डोळ्यांच्या बाहुल्यांवरूनही अदमास घेतात. ठोके बिचारे खोटे बोलत नाहीत, पण ते जिना चढल्यानेही वाढतात. पट्टीची अडचण वेगळीच. गुण देणारे गुरुजी शेजारी उभे असताना 'वैताग फार' अशी खूण कोण करील?

"मामा, आम्ही सगळे मधोमधच खूण करतो," भाचा म्हणाला.

ती पट्टी परीक्षकाच्या हाती पडूच नये, असे माझे मत.

तिसरी रीत मला पसंत पडली. हात चालू असताना दुसरेच काही विचारायचे आणि ते कितपत साधते ते पाहायचे. डाळ सुरळीत चाललेली पाहून मी विचारले, "सतरा सत्ते किती?"

चिमटा जागीच थांबला. "एकशे एकोणीस" हे उत्तर आले, पण डाळ पेटीच्या तळाशी पडल्यावर.

बहिणीने आणलेली बासुंदीची वाटी त्याने बाजूला सारली, चिमटा पुन्हा धरला आणि म्हणाला, "आता एकोणीसचा पाढा विचारा."