एक यादी, तीन कॉम्प्युटर: तुमचा नंबर नेमका कुठल्या फाइलमध्ये आहे?

मागच्या महिन्यात गावी, कवठे येमाईला गेलो होतो. चहा संपायच्या आत चुलत्यांनी एक कागद पुढे टाकला. "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना? मग हे बघ. हप्ता थकला म्हणून दंड लावलाय. मला एक मेसेज आला नाही!" वर्षापूर्वी त्यांनी मोबाईल नंबर बदलला होता आणि संस्थेत जाऊन तसा अर्जही दिला होता. संस्थेचं नाव घेत नाही, कारण असला घोळ कुठल्याही गावात सापडेल.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत गेलो. काउंटरवरच्या मुलीने खातं उघडून दाखवलं. नवा नंबर बरोबर होता. मग मेसेज कुठे गेले? तर ते आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून जात होते. तिथे एक्सेलची वेगळी फाइल, कधीतरी पेन ड्राइव्हवरून आणलेली. वसुलीच्या साहेबांच्या लॅपटॉपवर तिसरी. या दोन्हींत जुनाच नंबर!

आता पुढचं बघा. बंद झालेला मोबाईल नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे नाव आणि थकबाकीची रक्कम लिहिलेले मेसेज कदाचित एखादा अनोळखी माणूस वाचत होता. ज्यांचं कर्ज, त्यांनाच पत्ता नाही.

चूक कुणाची?

मुलीने तिचं काम केलं होतं, साहेबांनीही केलं होतं. चूक मांडणीत आहे. एकाच यादीच्या तीन प्रती झाल्या की त्या पहिल्या दिवशी सारख्या असतात. दुसऱ्या दिवसापासून वेगळ्या व्हायला लागतात. सहा महिन्यांनी खरी कुठली, हे कोणीच सांगू शकत नाही.

सातबारा आठवा. मूळ नोंद एकच असते, उतारे कितीही काढा. उताऱ्यावर पेनाने खाडाखोड करून जमीन कुणाच्या नावावर होत नाही, फेरफार मूळ नोंदीतच व्हावा लागतो. आज मोबाईलवर सातबारा शिरूरमधून बघा नाहीतर पुण्यातून, नोंद तीच दिसते. सभासदांच्या यादीचंही असंच पाहिजे. बघणारे अनेक, यादी एक.

मग एक यादी सगळ्यांना कशी द्यायची?

पहिला मार्ग म्हणजे शेअर्ड फोल्डर. फाइल एका कॉम्प्युटरवर ठेवायची, बाकीच्यांनी नेटवर्कवरून उघडायची. सोपं आहे, पण एक्सेलची साधी फाइल एकाने उघडली की दुसऱ्याला 'रीड ओन्ली' दिसते. घाईतला माणूस मग काय करतो? 'सेव्ह अ‍ॅज' करून 'यादी-फायनल-नवीन-2' बनवतो. झाली चौथी प्रत!

दुसरा, गुगल शीटसारखी ऑनलाइन यादी. एकाच वेळी अनेकांना लिहिता येतं आणि कोणी काय बदललं याचा इतिहासही राहतो. पण शीट कुणाच्या खात्यावर आहे? बऱ्याचदा एखाद्या कर्मचाऱ्याच्या खाजगी जीमेलवर. तो नोकरी सोडून गेला तर यादीचा ताबा त्याच्याकडेच राहतो. त्यात 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय चालू असेल, तर लिंक फॉरवर्ड होईल तिथे यादी उघडी.

तिसरा, मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची दोन भागांत विभागलेली फाइल. नावं, पत्ते, नंबर यांचे तक्ते एका कॉम्प्युटरवर आणि माहिती भरायचे फॉर्म प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर. एकाच इमारतीतल्या तीन-चार कॉम्प्युटरना हे पुरतं. नेटवर्क मात्र वायरचं हवं. वायफाय मध्येच तुटलं तर फाइल खराब होऊ शकते.

चौथा, खरा डेटाबेस सर्व्हर. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसक्यूएल फुकट मिळतात. इथे मूळ फाइल कोणाच्याच हातात जात नाही. तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरला विचारतो, "या सभासदाचा नंबर काय?" आणि सर्व्हर तेवढंच उत्तर देतो. दोघांनी एकच नोंद एकाच क्षणी बदलायला घेतली तर एकाला थांबवतो. प्रत्येकाचा लॉगिन वेगळा ठेवता येतो. फक्त त्या कॉम्प्युटरला यूपीएस हवा, रोजचा बॅकअप हवा आणि ते बघणारा माणूस हवा. गावात गाडी अडते ती इथेच.

हे आत्ताच का बोलायचं?

कारण कायदा आलाय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले. मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू होतात. नियमांत काय मागितलंय बघा: माहिती कोण बघू शकतं यावर नियंत्रण, कोणी बघितली याची नोंद, आणि बॅकअप. माहिती फुटली तर ज्याची माहिती त्याला कळवायचं, डेटा संरक्षण मंडळालाही कळवायचं, आणि मंडळाला 72 तासांत सविस्तर अहवाल द्यायचा. आपली चुकीची माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्कही आपल्याला मिळतो. सुरक्षेत कसूर केली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. गावच्या संस्थेला कोणी एवढा दंड लावेल असं नाही, पण पेन ड्राइव्हवर फिरणाऱ्या यादीत यातली एकही अट पाळता येत नाही.

आणि असं फक्त गावातच होतं असं समजू नका. फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्यातून एक एक्सेल फाइल ईमेलने बाहेर गेली. पाठवणाऱ्याला वाटलं दीडशेच नावं आहेत. प्रत्यक्षात न दिसणाऱ्या ओळींत तालिबानच्या भीतीने आश्रय मागणाऱ्या सुमारे 19 हजार अफगाण लोकांची माहिती होती. जगाला हे जुलै 2025 मध्ये कळलं. अख्खी यादी पाठवायची सोय होती, म्हणून ती गेली.

आपल्याकडे सरकारने दिशा धरली आहे. 2022 मध्ये केंद्राने 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला 2,516 कोटींची मंजुरी दिली. सगळ्यांसाठी सामायिक सॉफ्टवेअर, अशी ही योजना आहे. चांगलंच आहे. पण माझ्या मते, सॉफ्टवेअर आलं तरी शेजारच्या कॉम्प्युटरवरची जुनी एक्सेल फाइल कोणी पुसली नाही, तर मेसेज तिच्यातूनच जात राहतील. चुलत्यांच्या बाबतीत तेच झालं होतं. काउंटरवरचं सॉफ्टवेअर बरोबरच होतं की!

तुम्ही काय करायचं?

नंबर बदलला तर अर्जाची पोच घ्या आणि एक प्रश्न नक्की विचारा: "मेसेज कुठल्या यादीतून जातात?" बदलानंतर नव्या नंबरवर एक मेसेज पाठवायला लावा, तिथेच उभं राहून.

आणि तुम्हीच गावातले 'कॉम्प्युटर येणारे' असाल, तर संस्थेत आधी फक्त मोजा, यादीच्या प्रती किती आहेत. मूळ एक ठरवा, जुन्या पुसा, मग सॉफ्टवेअरचं बघा. गणेश मंडळाची वर्गणीची यादी तुमच्या फोनमध्ये असेल, तर सुरुवात तिथून करा.

चुलत्यांचा नंबर आता तिन्ही ठिकाणी बदललाय. तीन वेळा टाइप करून. दंड माफीचा अर्ज अजून पडून आहे.