लॅपटॉप घेतला, मग कन्सोल कशाला?

बारावीचे निकाल लागून अभियांत्रिकीच्या प्रवेशयाद्या झळकू लागल्या, की मुंबई-पुण्यातील संगणकाच्या दुकानांत तोच संवाद नव्याने ऐकू येतो. मुलाला अभ्यासासाठी लॅपटॉप हवा असतो, पालकांना एकाच खर्चात विषय मिटवायचा असतो आणि बिल होण्याआधी मुलगा हळूच विचारतो, 'यावर गेम चालतील ना?' विक्रेता मान डोलावतो. पालकही सुखावतात, कारण लॅपटॉपवर गेम चालणार असतील, तर टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशनचा हट्ट आपोआप सुटला, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब कितपत खरा, हे तपासणे अगत्याचे आहे. मध्यमवर्गीय घरात ही खरेदी तीन-चार वर्षांतून एकदाच होते आणि फसली तर ती सुधारायला सहसा पैसे उरलेले नसतात.

वस्तुतः कन्सोल म्हणजे काही निराळ्या जातीचे यंत्र नव्हे. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिला एक्सबॉक्स आणला, तेव्हा त्यात ७३३ मेगाहर्ट्झचा, इंटेलच्या पेन्टियम-३ घराण्यातला प्रोसेसर होता. २०१३ पासून तर सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही आपल्या कन्सोलमध्ये एएमडीचे, संगणकाच्याच कुळातले प्रोसेसर वापरले आहेत. पूर्वी सोनी आपले खास गेम स्वतःच्या कन्सोलपुरतेच राखून ठेवत असे. ते सोवळेही पुढे सैल झाले. 'होरायझन झीरो डॉन' ऑगस्ट २०२० मध्ये, तर 'गॉड ऑफ वॉर' जानेवारी २०२२ मध्ये पीसीवर आला. यंत्राचे कूळ एक, गेमही बव्हंशी तेच. मग अडते कोठे?

अडते ते विजेच्या आणि उष्णतेच्या गणितात. प्लेस्टेशन ५ मोठा गेम चालवताना सुमारे २०० वॅट वीज खातो. त्यातून निघणारी उष्णता बाहेर टाकण्यासाठी भलीमोठी शीतनव्यवस्था लागते. पहिल्या मॉडेलचे वजन साडेचार किलो होते, ते उगाच नव्हे. याउलट कचेरी वा कॉलेजसाठी घेतलेल्या साध्या लॅपटॉपचा चार्जर बहुधा ६५ वॅटचा असतो. तेवढ्यात पडदा उजळायचा, बॅटरी भरायची आणि उरेल त्यात गेमची चित्रे रंगवायची.

दुसरी अडचण मेमरीची. प्लेस्टेशन ५ ची मेमरी सेकंदाला ४४८ गिगाबाइट माहितीची ने-आण करते. साध्या लॅपटॉपमधील ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच भागवते. आणि डीडीआर-४ ३२०० प्रकारच्या रॅमच्या दोन स्टिक असल्या तरी हा वेग ५१ गिगाबाइटच्या पुढे जात नाही. स्वस्त लॅपटॉपमध्ये तर पुष्कळदा एकच स्टिक बसवलेली असते, म्हणजे वेग त्याच्याही निम्मा. प्रोसेसरच्या स्टिकरवर भाळणारे गिऱ्हाईक हे क्वचितच विचारते. दुसरी स्टिक टाकणे हा बराच गुणकारी उपाय आहे. मात्र डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले, आणि अनेक पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डावर कायमची जोडलेलीच असते.

याचा परिणाम एका उदाहरणावरून कळेल. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' या गेमला पीसीवर किमान आरटीएक्स २०६० सुपर दर्जाचे, ८ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड लागते. साधा लॅपटॉप या उंबरठ्याच्या बाहेरच राहतो. हाच गेम एक्सबॉक्स सिरीज एसवर चालतो, आणि तो कन्सोल नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात ३४,९९० रुपयांना आला होता!

मात्र एवढ्यावरून लॅपटॉप गेमसाठी निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे होईल. सगळेच काही इंडियाना जोन्स खेळत नाहीत. 'व्हॅलोरंट'च्या किमान गरजेत २०१२ सालचे इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सही बसते. २०२३ मध्ये झालेल्या हांगचौ आशियाई क्रीडा स्पर्धेत 'लीग ऑफ लीजंड्स' आणि 'डोटा २' पदकासाठी खेळले गेले. हे दोन्ही खेळ कन्सोलवर मिळतच नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे हातात मावणाऱ्या यंत्रावर आला आणि पीसीवर नंतर. व्हॉल्व कंपनीच्या स्टीम डेकने तर २०२२ मध्ये दाखवून दिले, की अवघ्या १५ वॅटच्या चिपवर बरेच मोठे गेमही बारकावे कमी करून खेळता येतात. त्याचा पडदा १२८० बाय ८०० एवढाच आहे, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

खरी फसगत होते ती मधल्या वाटेवर, म्हणजे 'गेमिंग लॅपटॉप' घेताना. तेथे नावावर जाऊन चालत नाही. आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपसाठीची चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर चालवता येते आणि खोक्यावर नाव मात्र तेच असते. पातळ, देखणा लॅपटॉप घेणाऱ्याच्या पदरी कमी वॅटची चिप पडण्याचा संभव अधिक. शिवाय जड वजन आणि वर्गात मध्येच मान टाकणारी बॅटरी, हे विद्यार्थ्याने चार वर्षे सोसायचे. ज्याला वास्तुरचना, चित्रफीत-संपादन वा त्रिमितीय आरेखन करायचे आहे, त्याला ही चिप अभ्यासातही उपयोगी पडेल. बाकीच्यांनी तो जादा पैसा निव्वळ गेमवरचा खर्च समजावा आणि कन्सोलच्या किमतीशी ताडून पाहावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते.

अर्थात कन्सोलची बाजूही पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ पर्यंत ९९ डॉलरवर उतरला. थांबणाऱ्याला स्वस्त मिळणार, हा या धंद्याचा जुना रिवाज होता. प्लेस्टेशन ५ ने तो मोडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात डिस्कचे मॉडेल ४९,९९० रुपयांना होते, एप्रिल २०२४ मधले 'स्लिम' ५४,९९० रुपयांना आले. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये ५० डॉलरची वाढ झाली. त्यावर नवा गेम चार-पाच हजारांचा, आणि विकतचे बहुतेक गेम इतरांशी ऑनलाइन खेळायचे तर वर्गणी निराळी. पीसीवर अशी वर्गणी नाही. पण डिस्क खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते. स्टीमवर घेतलेला गेम घेणाऱ्याच्या खात्यातच अडकून राहतो. आणखी एक घरगुती मुद्दा विसरून चालणार नाही. कन्सोलला टीव्ही लागतो, वन-रूम-किचनमधला टीव्ही संध्याकाळी मालिकांच्या ताब्यात असतो आणि वसतिगृहाच्या खोलीत तो नसतोच.

गेम दूरच्या सर्व्हरवर चालवून केवळ चित्र इंटरनेटवरून लॅपटॉपवर आणायचे, हा तिसरा पर्याय सांगितला जातो. गूगलचा स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये गाजावाजाने सुरू झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद पडला. मायक्रोसॉफ्टने अशीच सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आणली. येथे लॅपटॉपची ताकद गौण ठरते. पण बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत जो क्षण जातो, तो जोडणीवर अवलंबून असतो. वसतिगृहाच्या सामाईक वायफायवर रात्री दहा वाजता तो किती लांबेल, हे तेथे राहणाऱ्याला सांगायला नको.

ज्यांचा जीव एकाच गेममध्ये अडकला आहे, त्यांनी तर तारखा पाहूनच ठरवावे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. सहाव्या भागासाठी रॉकस्टारने नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली, तेव्हा त्यात प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज यांचीच नावे होती. पीसीचा उल्लेख नव्हता.