उघडा फिल्टर, धूसर कायदा आणि मोकळा दुकानदार

जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण नेहमी बघतो. टाळ्याही वाजवतो. पण ते विकणाऱ्याच्या गल्ल्यावर रोलर फिरल्याचा फोटो कोणी पाहिलाय का?

तोच धंदा आता बॉनेटच्या आतही चालतो. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढायचा, उघडा कोन फिल्टर बसवायचा आणि "पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं" म्हणत पोरांच्या खिशातून हजारो रुपये काढायचे.

आधी दावा तपासू. पेट्रोल गाडी शहरात चालते तेव्हा थ्रॉटलची झडप बहुतेक वेळ अर्धवटच उघडी असते. नळ अर्धा बंद ठेवून मागचा पाइप मोठा केला तर पाणी वाढेल का? पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून वरच्या आरपीएमला थोडाफार फरक पडेलही. तो सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये कुठे वापरणार? उलट उघडा फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की साधारण ३ टक्के विरळ होते. म्हणजे पैसे मोजून ताकद घालवली!

ॲव्हरेजचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये तेही तपासलं. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांत फिल्टर चोंदला तरी मायलेजमध्ये फारसा फरक पडला नाही. मग नवा कोन कसलं ॲव्हरेज वाढवणार? वाढतो तो आवाज. पोरांना तोच पिकअप वाटतो.

आणि किंमत? स्वस्तातल्या फिल्टरमधून बारीक धूळ आत जाते, सिलिंडर घासते. फिल्टरला तेल जास्त झालं तर ते एअरफ्लो सेन्सरवर बसतं. पाइप बंपरमागे खाली नेला असेल, तर पावसाळ्यात तुंबलेल्या अंधेरी सबवेत पाणी थेट इंजिनात. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विमा कंपनी विचारणार, "हा बदल आम्हाला कळवला होता का?"

आता कायद्याकडे या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, आरसीवरचे तपशील मूळ गाडीशी विसंगत होतील असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलं. पण आरसीवर एअर फिल्टर लिहिलेला असतो का? नाही. दुसरीकडे कलम १८२ अ सांगतं, परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गाडी विकणाऱ्या डीलरलाही त्यात शिक्षा आहे. पण नुसता फिल्टर विकणारा दुकानदार? तो त्यात सरळ सापडतच नाही. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, बॉनेट उघडत नाही. असा धूसर कायदा कोणाच्या सोयीचा असतो, हे चौकात उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

कोणी म्हणेल, "गाडी माझी, पैसे माझे." मान्य. पण धूर आणि आवाज तुमच्या एकट्याचा नाही ना! आणि सरसकट बंदी घाला, असंही मी म्हणत नाही. सीएनजी किट बघा. तेही इंजिनाशीच छेडछाड करतं. पण किटला मान्यता लागते, ते अधिकृत ठिकाणीच बसवावं लागतं, आरसीवर नोंद होते. कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीसाठी इनटेक विकायचा, तर त्याने प्रदूषण वाढत नाही हे आधी हवा मंडळाला दाखवावं लागतं. मंजुरीचा नंबर मिळतो आणि गाडीच्या तपासणीत तो बघितला जातो.

मग आपल्याकडे काय अडचण आहे? एआरएआय तर पुण्यातच आहे. इनटेक, फिल्टर, सायलेन्सर सगळ्यांची तिथे चाचणी घ्या, पास होईल त्याला नंबर द्या. बिनानंबरचा माल विकणाऱ्याला दंड करा, दुकान असो की ऑनलाइन. काय चालतं आणि काय नाही, याची मराठीत यादी प्रत्येक आरटीओच्या भिंतीवर लावा.

तोवर पोरांनो, कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदला. काहीशे रुपयांत काम होतं. आणि "दहा टक्के पॉवर वाढेल" म्हणणाऱ्या दुकानदाराला एवढंच सांगा: हे बिलावर लिहून दे, सही कर. बघा लिहितो का.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडू.