टाळ्या पुरे झाल्या, आता या पोरांना जागा द्या

आज थोडं लांब लिहितोय. वेळ काढून वाचा.

परवा मोटारसायकलची चेन बदलायला आपल्या घाटंजीतल्याच एका गॅरेजात गेलो होतो. मागच्या बाजूला जुनी महिंद्रा एमएम ५४० विटांवर चढवून ठेवलेली. पत्रा सडलेला, बोनेट गायब, चाकं काढलेली. गॅरेजवाला पोरगा चोवीस-पंचवीसचा असेल. मला म्हणाला, "भाऊ, इंजन अजून एक नंबर हाये. फोर बाय फोर बी चालते. बॉडी कापतो अन् दगडावर चढणारी बग्गी बनवतो. तुम्ही फक्त व्हिडिओ टाकजा, व्हायरल होईन."

दोन वर्षांपूर्वी असता तर लगेच मोबाईल काढला असता. तेव्हा एका पोराच्या जुगाड गाडीचा व्हिडिओ मी टाकला होता. लाईक भरपूर आले. त्या गाडीला पट्टा नाही, हे मला आठ दिवसांनी दिसलं, तेही व्हिडिओ पुन्हा पाहताना. नशीब, काही झालं नाही. पण बातमीदार म्हणून ती माझी चूक होती. म्हणून या वेळी मोबाईल खिशातच ठेवला.

आधी ही बग्गी काय असते ते सांगतो. इथं वेगाचा संबंध नाही. मोठमोठ्या दगडांवरून गाडी माणसाच्या चालीने, कधी त्याहूनही हळू न्यायची असते. त्यासाठी लो गिअर लागतो, चारही चाकांना ताकद लागते आणि एक चाक खड्ड्यात, दुसरं धोंड्यावर असलं तरी जमीन सोडणार नाही असं सस्पेन्शन लागतं. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की तेच फिरत राहतं अन् गाडी जागेवर. म्हणून डिफरन्शियल लॉक करतात. टायरची हवा कमी ठेवतात, म्हणजे टायर दगडाला धरून बसतो. जुनी फोर बाय फोर जीप यासाठी चांगली, कारण तिची चेसिस मजबूत असते आणि प्रत्येक भाग खोलून दुरुस्त करता येतो. हे सगळं त्या पोराला माझ्यापेक्षा जास्त कळतं. शिक्षण दहावी नापास.

आता दोन घटना आठवा.

पहिली सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून, साधारण साठ हजार रुपयांत, किकने सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या प्रशासन ती थांबवेल, हेही स्पष्ट सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना त्या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली.

दुसरी घटना आपल्याच जिल्ह्यातली. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचा एक तरुण कारागीर. वेल्डिंगचं काम करता करता घरीच हेलिकॉप्टर बनवत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पंख्याचं पातं तुटून त्याला लागलं आणि तो गेला. त्यानंतर आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, पोस्ट लिहिल्या. मीही लिहिली. त्याच्या शेजारी उभं राहून "थांब, हे बोल्ट आधी तपासू" म्हणणारा जाणकार माणूस त्याला कोणी दिला होता का? नाही.

या दोन्ही घटनांच्या मध्ये फक्त पाच महिने आहेत. एकाच्या दारात बोलेरो आली, दुसऱ्याच्या घरातून तिरडी निघाली. दोघांच्या हातात कला होती. आपली व्यवस्था मात्र दोघांपर्यंत उशिराच पोहोचली.

कायदा काय म्हणतो तेही बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मी या कायद्याच्या विरोधात नाही. पांढरकवडा रोडवर समोरून येणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग कोणी घरी जोडलंय, हा विचार करूनच अंगावर काटा येतो.

पण त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायचं खास वाहन मोटार वाहनाच्या व्याख्येतच येत नाही. म्हणजे वाट सार्वजनिक रस्त्यावर बंद आहे, सगळीकडे नाही. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते. जुन्या जिप्सी, जुन्या जीप पार बदलून तिथे उतरतात. पण रोल केज, पट्टा, हेल्मेट असल्याशिवाय नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या तालुक्यात आयटीआय आहे, वेल्डिंग आणि मेकॅनिक शिकवणारे निदेशक आहेत. महिन्यातून एक दिवस अशा पोरांसाठी ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, त्या भंगारात जातात. त्यातली एखादी जीप शिकण्यासाठी आयटीआयला देता येईल असा नियम करा. आणि दगडधोंड्याची एखादी कुंपण घातलेली जागा द्या. बंद पडलेली खदान चालेल. मात्र टिपेश्वरच्या जंगलाकडे कोणी गाडी वळवायची नाही, हे आधीच ठरवा.

आणि गॅरेजवाल्या पोरांनो, तुम्हालाही सांगतो. रोल केजला नळाचा जीआय पाईप वापरू नका, गाडी उलटली की तो दुमडतो. स्टिअरिंगचा रॉड कापून जोडू नका. सीट आणि पट्टा चेसिसला किंवा केजलाच पक्का बांधा. ब्रेकचा होज इतका लांब ठेवा की चाक पूर्ण खाली लटकलं तरी ताणला जाणार नाही. बॅटरी घट्ट आवळा, हाताशी बंद करायचं बटन ठेवा. जीप कायमची कापणार असाल तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करा.

त्या पोराला मी हेच सांगितलं. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "पाईपाचे पैसे जास्त लागतीन भाऊ, दिवाळीलोक थांबा लागीन."

मी म्हटलं, थांबू. व्हिडिओ दिवाळीनंतर काढू.

तोवर आयटीआयमधलं कोणी, नगरपरिषदेतलं कोणी, एखादा खदानमालक ही पोस्ट वाचत असेल, तर खाली लिहा. गॅरेजचा पत्ता मी देतो.